बेटावरचे आठ तास

आमच्या श्रीवर्धन-म्हसळ्याकडे एखाद्याबद्दल ‘तो बोटीवर आहे’ एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. घरात एक तरी माणूस बोटीवर असतोच. माझे आजोबा मालबोटीवर खलाशी होते, अब्बांनी तेलवाहू बोटींवर उमेदीची वर्षं घालवली आणि मी प्रवासी बोटीवर, म्हणजे ज्याला हल्ली सगळे क्रूझ म्हणतात तिच्यावर, एकोणीस वर्षं जेवणाच्या हॉलमध्ये ताटं उचलली. आजोबांच्या बोटीवर कोळसा असायचा, अब्बांच्या बोटीवर तेल, माझ्या बोटीवर माणसं. तिन्हींत त्रासदायक माल कोणता, हे मी घरात कधी बोललो नाही.

आता मी घरी आहे. बोट सुटली, पण बोटीबद्दलचे प्रश्न सुटले नाहीत. पुण्या-ठाण्याची माणसं, न्यू जर्सीला मुलांकडे गेलेले आई-बाप, आखाती नोकरीतून निवृत्त झालेले आमचेच लोक आता क्रूझवर जाऊ लागले आहेत. मायामीहून किंवा सान हुआनहून बोट पकडायची आणि सात-आठ दिवसांत कॅरिबियनमधली चार-पाच बेटं पाहायची. मग कुणीतरी सांगतं, अमुक भाई तिकडे बरीच वर्षं होता, त्याला विचारा. आणि विचारणारा एकच विचारतो : बार्बाडोसला बोट आठ तास थांबणार आहे, काय काय बघून होईल?

बार्बाडोस म्हणजे चौतीस किलोमीटर लांब आणि तेवीस किलोमीटर रुंद, जेमतेम पावणेतीन लाख वस्तीचं बेट. ब्रिजटाऊन ही राजधानी. तिथल्या बंदरात मी किती वेळा उतरलो याचा हिशेब ठेवलेला नाही. क्रूला उतरायला मिळतं ते दोन पाळ्यांच्या मधल्या तीन-चार तासांत. खिशात पैसे कमी, वेळ त्याहून कमी. त्यामुळे आम्ही बघण्याच्या जागा विचारत नसू. ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ एवढंच तिथल्या माणसाला विचारत असू. या एका प्रश्नाने तिथली माणसं माझ्याशी जे बोलली, ते प्रवाशांच्या कानावर सहसा जात नाही. म्हणून मी फोनवर जे सांगतो ते माझं शहाणपण नाही. टॅक्सीवाला, बाजारातली भाजीवाली, स्वान स्ट्रीटवरचे एक सुरती चाचा आणि बंदरावर बोटीचे दोर बांधणारा एक म्हातारा, एवढ्या जणांचं ते बोलणं आहे.

सगळ्यात आधी भाजीवालीचं, कारण ती पहिल्याच दिवशी रागावली होती. बंदरातून बाहेर पडून समुद्राच्या कडेच्या रस्त्याने शहराकडे चालत निघालं की वीस-पंचवीस मिनिटांच्या त्या वाटेवर चीपसाइडचा बाजार लागतो. मी एका टोपलीतलं फळ उचलून भाव विचारला. तिने फळ माझ्या हातातून काढून घेतलं, जागेवर ठेवलं आणि म्हणाली, ‘गुड मॉर्निंग.’ मी गोंधळून ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. मग तिने भाव सांगितला. त्या बेटावर हा नियमच आहे. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, वाट विचारताना आधी नमस्कार, मग काम. आपल्याकडे सलाम-दुआ न करता कुणाच्या ओटीवर चढून ‘पाणी आण’ म्हणणाऱ्याला जसं बघतील, तसंच ते लोक आपल्याकडे बघतात. बोटीवरून उतरलेली निम्मी माणसं तिथल्या लोकांना उर्मट समजतात त्याचं कारण एवढंच असतं.

याच्याच जोडीची दुसरी गोष्ट कपड्यांची. समुद्रावरचे कपडे समुद्रावर. पोहायच्या तोकड्या कपड्यांत शहरात फिरलेलं तिथे कुणालाही आवडत नाही. बेट ख्रिश्चन आहे, रविवारी टोप्या घालून चर्चला जाणारं आहे, आणि त्या दिवशी शहरातली बहुतेक दुकानं बंद असतात. आणखी एक, जे कुणाच्याच ध्यानात येत नाही : लष्करी हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे तिथे कायद्याने बंद आहेत. लहान मुलांनासुद्धा, पिशवीलासुद्धा. तो पेहराव फक्त तिथल्या सैन्याचा. आमच्या बोटीवरच्या एका कुटुंबाला फाटकावरून परत फिरावं लागलं होतं, सहा वर्षांच्या पोराची चड्डी बदलायला.

पैशांचं सांगतो, कारण भांडणं तिथेच होतात. बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे. एका अमेरिकन डॉलरला त्यांचे दोन, आणि हा भाव १९७५ पासून ठरलेला आहे. दोन्ही पैसे चालतात. म्हणून कुणी ‘वीस डॉलर’ म्हणालं की लगेच विचारायचं, कुणाचे? तुमचे की अमेरिकेचे? टॅक्सीला मीटर नसतो, तेव्हा बसण्याआधी विचारायचं, आणि भाडं गाडीचं की माणशी हेही विचारायचं. टॅक्सीवाले लुबाडतात असं मी म्हणणार नाही. बोटी नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत भरून येतात, नंतर बंदर बरंच रिकामं असतं. हर्णै-मुरुडला दिवाळी-नाताळच्या गर्दीत रिक्षावाला जो भाव सांगतो, तो वर्षभराचा असतो हे आपल्याला कळतं. तिथेही ते तसंच आहे.

खरं म्हणजे टॅक्सीची गरज फारशी लागत नाही. बसचं भाडं त्यांचे साडेतीन डॉलर, बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. निळ्या सरकारी बस, पिवळ्या मिनीबस, आणि पांढऱ्या रंगाच्या, कमरेला तांबडा पट्टा असलेल्या छोट्या गाड्या. या छोट्या गाड्यांच्या पाटीवर झेड आर लिहिलेलं असतं म्हणून त्यांचं नावच झेड आर. आत गाणी मोठ्याने, माणसं दाटीवाटीने आणि ड्रायव्हरला घाई. आपल्याकडच्या वडापमध्ये बसलेल्याला काही वेगळं वाटणार नाही. सरकारी बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत, झेड आरमध्ये मिळतात. आणि त्यांची पाच डॉलरची नोट देण्याआधी जरा निरखून बघायची. तिच्यावर फ्रँक वॉरेल आहे.

इथे मी थोडा रेंगाळतो, फोनवरही रेंगाळतो, समोरच्याला कंटाळा आला तरी. बंदरापासून जवळच केन्सिंग्टन ओव्हलचं मैदान आहे. मार्च १९६२ मध्ये त्याच मैदानावर बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली, ते कित्येक दिवस बेशुद्ध होते. रक्त द्यायला पुढे आलेल्यांत वेस्ट इंडीजचा कप्तान वॉरेल होता. आपल्या बाजूने चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. अब्बांना हे सगळं तोंडपाठ होतं. मी पहिल्यांदा ती नोट घरी आणली तेव्हा त्यांनी ती खर्चू दिली नाही. पुढे २९ जून २०२४ ला याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात फटाके वाजले. पोरांना ते मैदान तेवढ्यासाठी माहीत आहे. मैदानाबाहेर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. त्याच्यासमोर फोटो काढायला पैसे पडत नाहीत.

याच भागात केन्सिंग्टन न्यू रोडवर जुमा मशीद आहे. बार्बाडोसमध्ये मशीद कशी, असं सगळे विचारतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक बंगाली फेरीवाला तिथे पोचला आणि १९३० च्या आसपास सुरत जिल्ह्यातले लोक येऊ लागले. बॅगेत कापड भरायचं, सायकलवर किंवा पायी उसाच्या मळ्यांतल्या वस्त्यांवर जायचं, उधारीवर विकायचं आणि आठवड्याला थोडे थोडे पैसे वसूल करायचे. बँक ज्यांना दारात उभं करत नव्हती, त्या काळ्या मजुरांना नवा कपडा या उधारीवर मिळाला. या शंभर वर्षांवर साबिर नखुदा यांचं पुस्तकही आहे. आज त्यांच्या नातवंडांची ब्रिजटाऊनला दुकानं आहेत. शुक्रवारी पाळी जुळली तर आम्ही क्रूची पोरं नमाजला तिथे जात असू, आणि तिथेच माझी सुरती चाचांशी ओळख झाली. त्यांचा सल्ला दुकानदाराला न शोभणारा होता : ‘ब्रॉड स्ट्रीट पर मत खरीदो बेटा. वहाँ जहाजवाले भेजते हैं.’

त्याचा अर्थ मला बोटीवरूनच ठाऊक होता. बेट यायच्या आदल्या दिवशी बोटीवर एक व्याख्यान असतं. कुठे खरेदी करावी याचा नकाशा वाटतात. नकाशावर ज्या दुकानांची नावं असतात, त्यांनी ती छापून येण्यासाठी पैसे मोजलेले असतात. ज्यांनी दिले नाहीत ती त्या नकाशावर नसतातच, आणि नकाशावर नसलेला रस्ता प्रवाशाच्या दृष्टीने बेटावरच नसतो. स्वान स्ट्रीट ब्रॉड स्ट्रीटला समांतर, दोन मिनिटांच्या अंतरावर आहे. गाड्या नाहीत, फळांच्या गाड्या आहेत, कापडाची दुकानं आहेत, आणि तिथे खरेदी करणारी माणसं बेटावरची असतात. सहलींचंही तसंच. बोटीवर विकलेली सहल आणि बाहेर मिळणारी तीच सहल यांच्या भावात बराच फरक असतो. पण एक गोष्ट बोटीच्या बाजूने सांगायलाच हवी. बोटीच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते. तुम्ही स्वतः गेलात आणि टायर फुटला, तर बोट थांबत नाही. म्हणून लांब जायचं असेल, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन हॅरिसन्स केव्हची गुहा बघायची असेल, तर चार पैसे जास्त मोजलेले बरे. जवळ राहायचं असेल तर मोजू नका.

समुद्राबद्दल कोकणातल्या माणसाला काय सांगायचं! पण तिथे समुद्र दोन आहेत. पश्चिमेचा आणि ब्रिजटाऊनजवळच्या कार्लाइल उपसागराचा समुद्र निळा, शांत, गुडघाभर पाण्यात तळ दिसेल असा. बंदरापासून दहा मिनिटांच्या गाडीवर ही पुळण आहे. पाण्यात कासवं दिसतात, त्यांना हात लावायचा नाही, खाऊ घालायचं नाही. पूर्वेचा समुद्र अटलांटिकचा. बाथशेबाला जाऊन तो बघावा, मोठमोठे खडक पाण्यात सुटे उभे आहेत, पण उतरू नये. तिथली ओढ भल्याभल्यांना नेते. आणि कायद्याने बेटावरची प्रत्येक पुळण सगळ्यांची आहे. हॉटेलच्या पुढची वाळूही. खुर्ची भाड्याची असते, वाळू नाही.

झाडाखाली बसण्याआधी खोड बघायचं. मँचिनील नावाचं झाड किनाऱ्यावर असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखं फळ धरतं. फळ विषारी, चीक विषारी, पावसात त्याच्या खाली उभं राहिलं तर ठिबकणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडाला तांबडा पट्टा मारलेला असतो किंवा पाटी लावलेली असते. पट्टा दिसला नाही म्हणून झाड साधं, असं समजू नये. बेटावरच्या आया पोरांना चालायला शिकवतात तेव्हाच हे शिकवतात.

पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं चालतं. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे, पाऊस त्यातून गाळून खाली उतरतो. खाण्याचं मात्र विचारून. बोटीवर पोटभर फुकट असतं म्हणून प्रवासी बेटावर काही खात नाहीत आणि संध्याकाळी म्हणतात, तिथे काही नव्हतं. मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेलं कूकू आणि त्याबरोबर उडत्या माशाचं कालवण, हे तिथलं राष्ट्रीय जेवण. आपल्या जिभेला ते परकं वाटत नाही. खारवलेल्या माशाची भजी पावात घालून देतात. आपल्यापैकी जे जपून खातात त्यांनी एवढं विचारावं की त्याच तेलात डुकराचं काही तळलं आहे का. विचारलेलं त्यांना लागत नाही. हलाल जेवण ब्रिजटाऊनमध्ये मिळतं. शाकाहारी माणसाला मॅकरोनी पाय, तळलेली केळी आणि नीरफणस.

होय, नीरफणसच. आपल्याकडे परसात असतो, कापं करतो तोच. तिथे तो निखाऱ्यावर अख्खा भाजतात. भाजीवालीने मला विचारलं होतं, तुमच्याकडे हा कुणी आणला? मला सांगता आलं नाही. त्यांच्याकडे कुणी आणला ते तिला ठाऊक होतं. १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून रोपं भरून वेस्ट इंडीजमध्ये आणली, ती मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी. ‘आम्हाला आधी बोटीने आणलं, मग आमचं खाणं बोटीने आणलं,’ असं म्हणून ती हसली होती. बेटावर उसाखेरीज दुसरं काही बघायचं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हमरस्त्यावरच्या चौकात हातातली बेडी तोडलेल्या माणसाचा पुतळा बघावा. लोक त्याला बुसा म्हणतात, १८१६ च्या गुलामांच्या उठावातल्या म्होरक्याच्या नावाने. शहरात नेल्सनचा पुतळा मात्र शोधू नका. १८१३ पासून तो उभा होता. १६ नोव्हेंबर २०२० ला त्यांनी तो खाली उतरवला, आणि पुढच्या वर्षी ३० नोव्हेंबरला इंग्लंडच्या राणीलाही राष्ट्रप्रमुखपदावरून निरोप देऊन बेट प्रजासत्ताक झालं.

त्या २०२० सालाबद्दल फोनवर मी बोलत नाही. इथे लिहितो. मार्चमध्ये महामारीने प्रवासी उतरले आणि आम्ही राहिलो. जगातली बंदरं एकेक करून बंद होत होती. बार्बाडोसने मात्र कितीतरी रिकाम्या बोटींना आपल्या किनाऱ्याजवळ नांगर टाकू दिला आणि क्रूच्या लोकांना आपल्या विमानतळावरून घरी जायची वाट दिली. आमची पाळी यायला फार वेळ लागला. जमिनीवर उतरायची परवानगी नव्हती. रात्री डेकवरून बेटावरचे दिवे दिसायचे, कुठल्या बसचा रस्ता कुठला हे ओळखायचा खेळ आम्ही खेळायचो. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे दुपार, तिथे पहाट. फोन लागेना. मनोरे पडले होते, वीज गेली होती. घरात बायको, दोन मुली आणि अम्मी. चार दिवस मला घराची काहीच खबर नव्हती. जगाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या मधोमध, समोर माडांनी भरलेलं बेट, आणि आमच्या माडा-पोफळींचं काय झालं ते कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या दिवशी सुरती चाचांचा निरोप आला. त्यांनी टीव्हीवर नकाशा पाहिला होता. ‘तेरा गाँव यही है ना? घर पे सब खैरियत?’ मी लिहिलं, माहीत नाही. मग रोज संध्याकाळी त्यांचा एक निरोप यायचा. दुकान बंद, बाजार बंद, पण त्यांनी भाजीवालीलाही सांगितलं होतं, आणि तिने बायबलमधलं काहीतरी माझ्यासाठी म्हणायला सुरुवात केली होती. चौथ्या दिवशी मेहुण्याचा फोन लागला. छप्पर गेलं होतं, बाग आडवी झाली होती, माणसं सगळी होती. चाचांना कळवलं तेव्हा त्यांनी फक्त ‘शुक्र है’ लिहिलं.

१ जुलै २०२४ ला बेरील नावाचं वादळ बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेलं. बेटावरची घरं बरीचशी वाचली, पण ब्रिजटाऊनच्या मच्छीमार बंदरातल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. ज्या बाजारात उडते मासे येतात तिथे मासे यायचे बंद झाले. मी निरोप पाठवला. चाचांनी फोटो पाठवला, फळकुटांचा ढीग. आमच्या जीवना बंदरावरचा फोटो असता तरी मला वेगळा ओळखता आला नसता. म्हणून आता कुणी विचारलं की तिथे मासा महाग का, तर मी सांगतो, घासाघीस करू नका. ज्याच्याकडून घेता त्याची होडी नवी असेल, किंवा नसेलच.

राहिलं वेळेचं. बंदरावर दोर बांधणारा म्हातारा म्हणायचा, बेटावर दोन वेळा असतात, बोटीची आणि देवाची, आणि देव थांबतो. बार्बाडोसचं घड्याळ वर्षभर एकच असतं. अमेरिकेचं उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलतं. हिवाळ्यात मायामी एक तास मागे असते. मोबाइल आपोआप बेटाची वेळ दाखवतो, बोट आपली वेळ चालवते, कधी दोन्ही जुळतात, कधी नाही. उतरताना बोटीचं घड्याळ बघून मनगटावरचं जुळवायचं आणि मोबाइलकडे बघायचं नाही. फाटक बोट सुटण्याआधी अर्धा तास बंद होतं. धावत येणाऱ्या माणसांना डेकवरून टाळ्या वाजवणारे प्रवासी मी पुष्कळ पाहिले. तो धावणारा पोचला नाही तर पुढच्या बेटाचं विमानाचं तिकीट त्याला स्वतः काढावं लागतं.

परतताना बंदराच्या आतल्या चकचकीत दुकानांतून काही घेण्यापेक्षा चीपसाइडला चिंचेचे गोळे घ्या. चिंच, साखर, थोडी मिरची, वरून पुन्हा साखरेत घोळवलेले. आमच्या मुलींना मी दर सुट्टीत तेच आणत असे. ते बोटीवर नेता येतात. ताजी फळं नेता येत नाहीत, ती तिथेच खाऊन संपवायची. फाटकावर पिशव्या तपासतात, आणि जूनमध्ये तिथल्या पिंपात पिकलेले ज्युली आंबे टाकताना लोकांचे चेहरे बघवत नाहीत.